उंची नऊ पूर्णांक आठ

भूगोलाच्या शिक्षकाने रस्ता दाखवणारं यंत्र विकत घेणं म्हणजे आचाऱ्याने बाहेरून डबा लावण्यासारखं आहे. सव्वीस वर्षं मी फळ्यावर हाताने नकाशे काढतोय. कुठली नदी कुठून निघते आणि कुठे जाऊन मिळते, हे मला झोपेतून उठवून विचारा. आता, आमच्या घरून दूधकेंद्रावर जाताना तिसऱ्या गल्लीत वळायचं की चौथ्या, हे मला आजही बायकोला विचारावं लागतं. पण तो भूगोलाचा प्रश्न नाही, गल्लीचा आहे.

यंत्र घ्यावं लागलं ते समोरच्या दातांच्या डॉक्टरांमुळे. ट्रेलरही आम्ही त्यांच्याकडूनच घेतला होता. ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं बिऱ्हाड. आत दोन बाक, एक शेगडी, एक हात धुवायचं भांडं आणि एक खिडकी, जी एकदा उघडली की बंद होण्याचं नाव घेत नाही. डॉक्टरांनी तो विकला खरा, पण मनातून सोडला नव्हता. रोज सकाळी तोंडात ब्रश घेऊन ते बाल्कनीत येत आणि फेसातून मला सूचना देत.

"फोनवरचा नकाशा बघून जाणार?" त्यांनी विचारलं, आणि माझी अक्कलदाढ किडल्यासारखा चेहरा केला. "फोनला काय माहीत, तुमच्या मागे काय आहे ते? तो तुम्हाला खुशाल बुटक्या पुलाखालून नेईल. माझ्या ओळखीच्या एकाचं छप्पर असं निघालं, डब्याचं झाकण निघावं तसं. आत बायको भाजी चिरत होती, तिला एकदम आभाळ दिसलं!"

म्हणून खास ट्रेलरवाल्यांसाठीचं यंत्र आणलं. पाटीएवढा पडदा, आणि आत एक बाई. बाईचा आवाज असा, की कुणाला वाटावं ती मोठ्या घरची आहे आणि आपल्यावर उपकार म्हणून बोलतेय. ती म्हणाली, "कृपया वाहनाची उंची, लांबी आणि वजन भरा."

इथे थांबून सांगायला हवं की या सहलीमागे नुसती हौस नव्हती. माझ्या सासूबाई आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमची मावशी, यांच्यात अकरा वर्षं अबोला होता. कारण एक फोटो. सगळ्या घराचा मिळून काढलेला. तो म्हणे मावशीच्या चौकटीत मावेना, म्हणून तिने कडेचा भाग कापला. त्या कडेला सासूबाई होत्या. "मला कापलं," एवढंच त्या म्हणत, आणि ते अशा आवाजात म्हणत की ऐकणाऱ्याने रक्त कुठे सांडलंय ते शोधावं. आता मावशी चार दिवस तळ्याकाठच्या विश्रामगृहात राहायला येणार होती, आमच्यापासून फक्त सत्तर किलोमीटरवर. माझ्या बायकोने सासूबाईंना सांगितलं की मावशीने तुझी आठवण काढली, आणि मावशीला सांगितलं की ताईने तुझी काढली. दोन्ही थापा. पण दोघींनी "बरं" म्हटलं. मावशीने फोनवर बजावलं, "शनिवारी दोनची माझी परतीची बस आहे. अकरा वर्षं मी थांबले, बस थांबायची नाही."

तेव्हा उंची. वरच्या मजल्यावर मोजणीकाका राहतात. जमिनी मोजण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि निवृत्तीनंतर ते दिसेल ते मोजतात. ते फीत घेऊन खाली आले. डॉक्टरही नॅपकिन गळ्यात तसाच ठेवून आले. छपरावर हवा जायला एक झडप आहे, तिला टोपी आहे. ती टोपी उंचीत धरायची की नाही, यावर पाऊण तास वाद झाला.

"टोपी म्हणजे काही डोकं नव्हे," डॉक्टर म्हणाले.

"पुलाला टोपी आणि डोकं यातला फरक कळत नाही," काका म्हणाले. त्यांनी फीत ताणली, एक डोळा मिटला आणि कोर्टात निकाल द्यावा तसं म्हणाले, "नऊ फूट आठ इंच. लिहून घ्या. सही करा." मी सही केली. कशावर केली ते आजतागायत माहीत नाही.

घरात येऊन मी यंत्रावर ऐटीत नऊ, टिंब, आठ असे आकडे दाबले. टिंब पडलं की आकड्याला कसा शास्त्रीय रुबाब येतो! यंत्रातल्या बाई म्हणाल्या, "धन्यवाद." त्या धन्यवादात काहीतरी खोच होती, असं मला आता वाटतं.

वजनासाठी गावाबाहेरच्या वजनकाट्यावर जावं लागलं. सासूबाई आत बाकावर बसून होत्या. खाली उतरायला त्यांनी साफ नकार दिला. "सहलीला मी आत असणारच ना? मग वजनातही असू दे. फक्त आकडा मोठ्याने वाचायचा नाही." (चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवायची नसतात, हे मला पुढे एका गणवेशातल्या माणसाने समजावलं. त्या दिवशी आम्ही अडाणी होतो.)

काट्यावरच्या कारकुनाने पावतीपुस्तक उघडलं. "माल?"

"माल नाही. सहलीचा ट्रेलर आहे."

"सहल रकान्यात बसत नाही. वाळू, विटा, खडी, भंगार, इतर."

"इतर लिहा की."

"इतर लिहिलं की वेगळा तपशील जोडावा लागतो. तो तीन प्रतींत. त्याचा शिक्का असलेले साहेब सोमवारी येतात."

न बंद होणाऱ्या खिडकीतून सासूबाईंचं डोकं बाहेर आलं. "भंगार लिहा हो! म्हातारीला उन्हात ताटकळत ठेवलंय नुसतं."

त्याने भंगार लिहिलं. मग कर्ण्यावरून अख्ख्या आवाराला ऐकू जाईल असा आकडा वाचला. सासूबाई संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत, जणू मीच काटा होतो. आणि डॉक्टरांनी पावती वाचली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या ट्रेलरला भंगार?" ते म्हणाले, आणि दोन दिवस बाल्कनीत आलेच नाहीत.

शनिवारी सकाळी सातला आम्ही निघालो. पुढे मी आणि बायको, मागच्या सीटवर सासूबाई; ट्रेलरच्या बाकाला काट्याच्या फेरीतच त्या विटल्या होत्या. अंगावर नवी शाल, मांडीवर बिस्किटांचा डबा, चेहऱ्यावर "मला काही फरक पडत नाही" असा भाव. तो भाव त्यांनी पहाटे पाचपासून धरून ठेवला होता.

"दोनशे मीटरवर डावीकडे वळा," यंत्रातल्या बाई म्हणाल्या.

आता, तळं आमच्या पूर्वेला. सूर्य समोर उगवलेला. डावीकडे उत्तर. भूगोलाच्या माणसाने उत्तरेकडे का म्हणून वळावं? मी स्वाभिमानाने उजवीकडे वळलो.

"अहो, ती डावीकडे म्हणाली," बायको म्हणाली.

"तिला जवळची वाट माहीत नाही."

जवळची वाट एका केशकर्तनालयाच्या दारात संपली. पुढे भिंत. मागे ट्रेलर. ट्रेलर मागे घेताना चाक ज्या बाजूला फिरवावं त्याच्या उलट बाजूला तो जातो, हे पुस्तकात वाचलं होतं. पण उलट्याचं उलट म्हणजे सुलट की उलट, हे ऐन वेळी सुचेना. अर्ध्या दाढीवरची गिऱ्हाइकं बाहेर आली आणि प्रत्येकजण हात हलवायला लागला. "येऊ द्या, येऊ द्या!" आणि लगेच, "अहो कुठे येताय!" ट्रेलर आणि गाडी यांचा असा काटकोन झाला की आमच्या गणिताच्या मास्तरांनी वर्गाला आणून दाखवावा. शेवटी ट्रेलर सोडवून आठ जणांनी तो हाताने ढकलत रस्त्यावर नेला. न्हावी एका हातात वस्तरा तसाच धरून ढकलत होता, त्यामुळे बाकीचे सात जण जरा जपूनच ढकलत होते.

यात सव्वा तास गेला. गाडीत बसताना सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, आता ती सांगेल तसं. ती बिचारी इतकी अदबीने सांगतेय आणि तुम्ही तिचा शब्द खाली पाडताय."

"बरोबर आहे आईचं," बायको म्हणाली.

म्हणजे गाडीत तीन बायका एका बाजूला झाल्या, त्यातली एक तर पाटीत बसून. मी मत देण्याचा हक्क गमावला. त्यानंतर बाई म्हणतील तिकडे वळायचं, एवढंच माझं काम उरलं.

आणि बाई काय काय म्हणाल्या! तळ्याकडे जाणारा सरळ, रुंद रस्ता समोर दिसत होता, त्यावर तळ्याच्या नावाची पाटी होती, त्यावर रेल्वेचा पूल होता, म्हणून बाई म्हणाल्या, "उजवीकडे वळा." पुढे कमान आली, बाईंनी डावीकडे वळवलं. पादचारी पूल आला, बाई म्हणाल्या, "शक्य तिथे मागे फिरा." गोदामं, मग वीटभट्ट्या, मग कधी न संपणारी एक कुंपणभिंत. सासूबाई तिला प्रत्येक वेळी उत्तर देत होत्या: "वळतोय गं. जरा दम धर. त्यांना डावं-उजवं कळायला वेळ लागतो."

अकरा वाजता आम्ही तळ्यापासून पंच्याऐंशी किलोमीटरवर होतो. निघालो तेव्हा सत्तरवर होतो. मी हे मोठ्याने बोललो नाही. बायको मावशीला फोन लावत होती; विश्रामगृहापाशी फोनचं जाळं नाही, त्यामुळे दर वेळी तीच धून वाजून बंद पडत होती. सासूबाईंनी बिस्किटांचा डबा उघडला, बंद केला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "नाही भेटली तर नाही भेटली. मी काही तिच्यासाठी आले नव्हते. मला तळं बघायचं होतं." आणि खिडकीबाहेर बघत शाल नीट केली. सकाळपासून धरलेला तो भाव आता सुटायला आला होता. मला पहिल्यांदाच त्या यंत्राचा मनापासून राग आला.

बाराच्या सुमारास आम्ही एका चकचकीत मोकळ्या रस्त्याला लागलो. दोन्ही कडेच्या झाडांच्या फांद्या नीट छाटलेल्या, वर एक तार नाही, समोर एक गाडी नाही. "बघा," सासूबाई म्हणाल्या, "ऐकलं की कसं होतं ते." पुढच्या वळणावर पिवळा दिवा लावलेली एक जीप उभी होती. जीपमधल्या माणसाने लाल झेंडा हलवला, शिट्टी मारली आणि आम्हाला एका रांगेच्या शेपटाला उभं केलं.

रांगेत सर्वांत पुढे एक ट्रान्सफॉर्मर होता. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी असतो तो नव्हे. गल्लीतला ज्याचं अंडं वाटावा असा हा, एखाद्या इमारतीएवढा, शंभराहून जास्त चाकांच्या गाड्यावर बसवलेला, वीजकेंद्राकडे निघालेला. वेग ताशी सात किलोमीटर. शेजारून चालणारी माणसं मधूनमधून थांबून त्याची वाट बघत होती. मागे क्रेन, तारा उचलणाऱ्यांची शिडीची गाडी, पाण्याचा टँकर. आणि त्यामागे आम्ही.

मला पुढे जायला परवानगी नव्हती, मागे फिरायला जागा नव्हती, आणि मागे फिरण्याच्या कलेविषयी आपण वर बोललोच आहोत.

पहिल्याच नाक्यावर ताफा अडला. नाक्यावरचा साहेब कागद घेऊन गाड्या मोजत आला आणि आमच्यापाशी येऊन थबकला. "परवान्यात सात वाहनं आहेत. ही आठवी कुठून आली?"

"चुकून," मी म्हणालो.

"चुकून असा रकाना नाही. कागदपत्रं?"

मी सापडेल ते दिलं. त्यात वजनकाट्याची पावती होती. "भंगार," त्याने वाचलं. मग त्याने माझ्या यंत्राचा पडदा पाहिला. परत पाहिला. टोपी काढून पाहिला. "उंची नऊ पूर्णांक आठ मीटर?"

"फूट," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता स्वतःच पडद्यावर वाकलो.

"इथे मीटर लिहिलंय. साहेब, पुढचा ट्रान्सफॉर्मर गाड्यासकट सहा मीटर वीस आहे. त्याच्यासाठी आम्ही दोन महिने रस्ता शोधत होतो. तुम्ही काय तीन मजले ओढताय?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत मी हजारो मुलांना 'एकक लिहिलं नाही, अर्धा गुण वजा' असं सांगितलं आहे. आणि वर, नऊ फूट आठ इंच म्हणजे नऊ पूर्णांक आठ फूटसुद्धा नव्हे. एका आकड्यात दोन चुका! माझा अर्धा नाही, पुरा गुण गेला होता.

"काय काम करता?" साहेबाने विचारलं.

"शिक्षक आहे."

"विषय?"

"मराठी," मी म्हणालो.

आम्हाला बाहेर काढायचं तर नाक्याच्या वहीत वेगळी नोंद, तिच्यावर पंच, पंचांच्या सह्या. त्यापेक्षा आत घेणं सोपं होतं. साहेबाने परवान्यात हाताने लिहिलं: 'वाहन क्रमांक सात-अ. भंगार.' मग आमच्या ट्रेलरच्या पाठीला लाल कापड बांधलं, आमच्यावर नजर ठेवायला स्वतः जीपमध्ये बसून घेतलं आणि शिट्टी मारली. ताफा हलला. मी यंत्र बंद करून खणात टाकलं. सासूबाईंना ते आवडलं नाही. "तिची काय चूक? तुम्ही सांगितलं, तिने ऐकलं."

पावणेतीन वाजता आम्ही एका चौफुलीवर थांबलो. दोनची बस केव्हाच सुटली असणार, हे गाडीतल्या सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी घड्याळाकडे बघत नव्हतं. चौफुलीवर विजेच्या तारा आडव्या होत्या. त्या उचलायला दीड तास लागेल असं कळलं. चारी रस्ते बंद. "चहा तरी करू," बायको म्हणाली आणि दोघी मागे ट्रेलरमध्ये गेल्या. मी रस्त्याच्या कडेच्या दगडावर अपमान घेऊन बसलो.

चौफुलीपलीकडे अडकलेल्या गाड्यांमधले लोक ट्रान्सफॉर्मर बघायला चालत येत होते. लाल कापड दिसलं की आमच्यापाशीही थांबत. "याच्यात काय आहे?" एकाने विचारलं. "सुटे भाग," दुसऱ्याने परस्पर सांगितलं. त्यांच्यातून एक बुटकी, ठसठशीत बाई काठी टेकत पुढे आली. ट्रेलरच्या न बंद होणाऱ्या खिडकीखाली उभी राहिली आणि वर बघून म्हणाली, "ताई?"

आत कपबशीचा आवाज थांबला. खिडकीत सासूबाई आल्या.

मी उभा राहिलो. अकरा वर्षं! काय बोलतील? भूगोल सोडा, इतिहास घडतोय असं मला वाटलं.

"बस चुकली ना?" सासूबाई म्हणाल्या.

"चुकली कुठली? वेळेवर सुटली. हे तुमचं धूड आडवं आलंय, अर्धा तास झाला नुसते उभे आहोत. केस किती पांढरे केलेस गं?"

"तू कुठे काळे ठेवलेस? वर ये. चहा निवतोय."

एवढंच. मावशी वर चढली. बायकोने मला खूण केली, मीही गेलो. दोघी समोरासमोरच्या बाकांवर बसल्या. मग मावशीने पर्स उघडली, पाकिटातलं पाकीट काढलं आणि त्यातून बोटभर रुंदीचा एक कागदाचा तुकडा टेबलावर ठेवला. फोटोची कापलेली कड.

"टाकली नव्हती," ती म्हणाली.

सासूबाईंनी चष्मा लावला. तुकडा उजेडात धरला. बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचे ओठ थरथरायला लागले. मला वाटलं, आता बांध फुटणार.

"अगं," त्या म्हणाल्या, "माझे डोळे मिटलेत!"

"म्हणून तर कापला! आणि तोंड बघ, उघडं आहे. दारात पाहुण्यांना दिसेल असा लावायचा होता. सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"तेव्हाच दाखवला असतास तर मीच कापला असता!"

आणि मग दोघी अशा हसायला लागल्या की ट्रेलर स्प्रिंगांवर डुलायला लागला. बाहेरचे लोक दोन पावलं मागे सरकले. हसता हसता कुठल्या क्षणी दोघींचं रडणं सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. बायको मात्र सुरुवातीपासूनच रडत होती, तिला या बाबतीत शिकवावं लागत नाही. चहा तीनदा झाला. नाक्यावरचा साहेब बिस्किटं खाऊन गेला.

सव्वाचारला शिट्टी वाजली. तारा उचलल्या होत्या, चौफुली मोकळी झाली. बस हळूच पुढे येऊन आमच्या शेजारी थांबली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला आणि कंडक्टर ओरडला, "काठीवाल्या आजी, चला!"

मावशी दारात गेली. पायरीवर उभी राहिली. एकदा बसकडे बघितलं, एकदा मागे. सासूबाई कपातल्या न उरलेल्या चहाकडे बघत होत्या.

"निळी पिशवी," मावशी कंडक्टरला म्हणाली, "तिसऱ्या बाकाखाली. तेवढी खाली दे."

"आजी, आजची ही शेवटची! पुढची गाडी आता उद्याच आहे!"

"ऐकायला येतं मला. पिशवी दे."

पिशवी खाली आली. बस गेली. साहेबाने चालत्या ट्रेलरमध्ये बसू नये म्हणून जे भाषण द्यायचं ते दिलं, तेव्हा दोघी बहिणी गाडीत मागच्या सीटवर येऊन बसल्या. मधे निळी पिशवी.

"मग कुठे जायचं?" मी विचारलं. "तळ्यावर?"

"तळं मी चार दिवस बघितलं. काही नाही त्यात, नुसतं पाणी," मावशी म्हणाली. "डावीकडे घ्या. तिकडे टेकडी आहे, वरून छान दिसतं."

"टेकडीवर हे धूड चढेल का? उजवीकडे घ्या जावईबापू. उजवीकडे नदी लागते."

"ताई, तुला इथलं काय माहीत? मी येताना बघितलंय."

"तू बसमध्ये झोपून आली असशील. लहानपणापासून तुझी सवय."

"मी? झोपून? डोळे कुणाचे मिटलेले निघतात, ते आत्ताच बघितलं सगळ्यांनी!"

"अस्सं? मग तो तुकडा दे इकडे!"

"देत नाही!"

आवाज चढायला लागला. मी घाबरून बायकोकडे पाहिलं. ती समोर रस्त्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं हसू होतं, की मी लग्नाच्या दिवसानंतर ते फारसं पाहिलेलं नाही.

"अगं, आवर ना त्यांना," मी पुटपुटलो. "भांडायला लागल्या."

"भांडू देत," ती म्हणाली. "अकरा वर्षांनी भांडतायत."

मागून एकजण "डावीकडे!" म्हणत होती, एकजण "उजवीकडे!" मी दोघींचाही मान राखला आणि गाडी सरळ नेली.